सोमवारची गाडी

नेकनूरच्या शिवेवर, बीडहून केजकडं जाणाऱ्या रस्त्याच्या कडेला आमची धर्मशाळा होती. तीन बाजूंनी ओसरी, मधे अंगण, एका कोपऱ्यात आड आणि दुसऱ्या कोपऱ्यात स्वयंपाकघर. ज्याला घर नाही, गाव नाही, किंवा गाव आहे पण तिथं आता चूल पेटत नाही, असा माणूस येऊन ओसरीवर पडायचा. बैरागी, फकीर, आंधळे-पांगळे, नवऱ्यानं टाकलेल्या बाया, पोरांनी हाकललेल्या म्हाताऱ्या. त्यांना दोन वेळा भाकरी मिळायची, असलं तर वरण, नसलं तर चटणी. हे सगळं मी बघायचो. मी म्हणजे उत्तरेश्वर गुरव. माझ्या आधी माझा बाप बघायचा, त्याच्या आधी त्याचा बाप. परक्यांची अंथरुणं झाडण्यात आम्ही तीन पिढ्या घातल्या आणि त्याचा आम्हाला गर्व होता. हा गर्वच पुढं आडवा आला, म्हणून आधीच सांगून टाकतो.

धान्य यायचं ते आप्पाराव देशमुखांच्या गढीवरून. गढी दोन कोसांवर, टेकाडावरच्या गावात. दर सोमवारी ऊन तापायच्या आत बंकट गाडीवान ज्वारीची पोती घेऊन आमच्या दारात हजर व्हायचा. पाऊस असो, पोळा असो, देशमुखांच्या घरी लग्न असो, सोमवार कधी चुकला नाही. आणि आमच्या बाजूनं एकच नेम होता. धर्मशाळेच्या माणसानं गढीवर मागायला जायचं नाही. आप्पारावांच्या आजोबांनी आणि माझ्या आजोबांनी महादेवाच्या पिंडीवर बेल ठेवून हा नेम केला होता. देणाऱ्यानं न मागता द्यायचं. मागावं लागलं की देणारा वर चढून बसतो आणि घेणारा रस्त्यावरचा भिकारी होतो, अशी त्या दोघांची समजूत. समजूत वाईट नव्हती. फक्त ती चांगल्या दिवसांत बसून केलेली होती.

स्वयंपाक छबुबाई करायची. अठरा वर्षांमागच्या मोठ्या दुष्काळात ती पाटोद्याकडून मागत मागत इथवर आली. तीन मुक्कामांपेक्षा जास्त राहायचं नाही असा आमचा दंडक होता. चौथ्या दिवशी सकाळी माझा बाप तिला आता निघ म्हणायला गेला, तर ही चुलीपुढं बसून भाकऱ्यांची चवड रचून मोकळी झालेली. बापानं एक भाकरी खाल्ली, दुसरी खाल्ली, आणि दंडकाचा विषय पुन्हा काढला नाही. तोंडानं मात्र ती भारी फटकळ. मला दादा म्हणायची, आणि दादा म्हणून जे काही सुनावायची ते सख्ख्या बहिणीनंही सुनावलं नसतं. लोटा कुठं ठेवला, सरपण ओलं का आणलं, माणसांवर कशाला ओरडता. दिवसभर तेच. मीही गप्प बसणाऱ्यांतला नव्हे. आमची भांडणं ऐकायला ओसरीवरचे आजारीदेखील उठून बसायचे.

निजामाच्या राज्यातलं फसली साल तेराशे अठ्ठावीस, म्हणजे इंग्रजी एकोणीसशे अठरा, लागलं त्या साली पावसानं आधीच हात वर केले होते. बाजरी गुडघ्याएवढी होऊन करपली. बालाघाटावरची माणसं पोटासाठी खाली उतरत होती आणि खालची वर चढत होती, आणि दोघंही आमच्या ओसरीवर येऊन टेकत होती. त्यात पितृपक्ष लागला आणि मानमोडी आली. आधी मान धरायची, मग कंबर, मग ताप असा की अंगावर हात ठेववत नसे. तिसऱ्या-चौथ्या दिवशी माणूस एक तर उठून बसायचा, नाही तर ओठ निळे पडून जायचा. म्हातारेकोतारे त्यातून तरून जात होते आणि पहिलवानासारखे गडी जात होते. असा उलटा रोग मी जन्मात पाहिला नव्हता.

आमच्याकडं पाणी ओढायला एक गडी होता, तो दुसऱ्याच दिवशी न सांगता गेला. दळायला येणारी बाई तापानं घरीच पडली. राहिलो मी आणि छबुबाई, आणि ओसरीवर चाळीस माणसं. पहाटे उठून आडाचं पाणी ओढायचं, आजाऱ्यांच्या अंगाखालचं काढायचं, गोधड्या धुवायच्या, त्या वाळायच्या आत पुन्हा घालायच्या. कुणी गेलं असेल तर त्याला उचलायला दुसरा माणूस शोधायचा. बैरागी आहे की फकीर, जाळायचा की पुरायचा, हे कधी कधी त्याच्या गळ्यातल्या माळेवरून ठरवायचं, आणि माळ नसली तर छबुबाईला विचारायचं. ती त्या माणसाकडं बघून काहीतरी सांगायची आणि मी तसं करायचो. चुकत असेलही. नंतर नंतर मला कुणी मेलं की आधी दुःख होत नसे. उचलायला कोण मिळेल, हे आधी मनात यायचं. सांगायला लाज वाटते, पण तसं होत होतं.

एके दिवशी बीडहून तहसिलीचा चपराशी आला. नाकाला फडकं बांधलेलं. उंबऱ्याच्या बाहेरूनच त्यानं हुकूम वाचला. आजारी आणि धडधाकट वेगळे ठेवावेत, गर्दी करू नये, वारा खेळता ठेवावा. मग हकिमाच्या जोशांद्याच्या पुड्या त्यानं काठीनं आत सरकवल्या.

"ह्या उकळून पाजायच्या," तो म्हणाला. "आन् हुकमाची तामील झाली पाह्यजे."

मी त्या दिवशी पहाटेपासून पाठ टेकली नव्हती. मी म्हणालो, "शिपाईदादा, धडधाकट कोन हाय ते तुमीच आत येऊन दाखवा. मी त्येला लगेच वेगळा ठिवतो."

तो आत आला नाही. मागून छबुबाई एवढ्यानं हसली की तिचा तिलाच ठसका लागला. "दादा, त्यो आत आला असता तर आपल्याला पानी वढायला एक गडी मिळाला असता," ती म्हणाली. त्या दिवसांत आम्ही दोघं मिळून हसलो ते तेवढंच.

घट बसल्यावरच्या सोमवारी बंकट गाडी घेऊन आला, पण नेहमीसारखा आत येऊन चटणी-भाकर खायला बसला नाही. पोती दारात उतरवली आणि गाडीला टेकून उभा राहिला.

"आप्पासाहेबांचा निरोप हाय," तो म्हणाला. "चार दिस नवी मानसं घिऊ नका. दार लावून घ्या. आमच्या गावात बी मानमोडी शिरली. लोक म्हनत्यात, धर्मशाळेतूनच आली."

माझं डोकं फिरलं. "दार लावून घ्या? बाहेर रस्त्यावर मानसं मरायलीत आन् मी दार लावून घिऊ? सांग त्येस्नी, उत्तरेश्वर गुरवाच्या बापानं दार लावलं न्हाई, आजानं लावलं न्हाई, मी बी लावनार न्हाई."

"मी निसता निरोप्या हाय बाबा," बंकट म्हणाला. खोकला, पटक्याच्या शेवानं नाक पुसलं आणि बैल वळवले. त्या दिवसांत कोण खोकत नव्हतं? माझ्या ते ध्यानातही राहिलं नाही.

पुढच्या सोमवारी गाडी आली नाही.

सकाळपासून मी कामं करता करता रस्त्याकडं बघत होतो. ऊन तापलं, उतरलं. संध्याकाळी छबुबाई पदराला हात पुसत दाराशी आली.

"आली न्हाई?"

"न्हाई."

"कावून?"

"कावून म्हंजी? मी दार लावलं न्हाई म्हनून. देशमुखाला राग आला, धान्य बंद केलं. एवढं बी कळंना का तुला?"

तिला ते पटलं नाही. ती म्हणाली, "आप्पासाहेब तसं मानूस न्हाई. कायतरी झालं असंल. उद्या जाऊन बघून या."

"मी गढीवर जायाचं न्हाई. नेम हाय."

"नेम मागायचा न्हाई असा हाय. बघायचा न्हाई असा न्हाई."

दुसऱ्या दिवशी दसरा होता. गावात कुणी सीमोल्लंघनाला निघालं नाही, देवळापुढं चार म्हातारे उभे राहिले आणि घरी गेले. छबुबाई सकाळीच कुठून तरी आपट्याची डहाळी घेऊन आली आणि माझ्यापुढं ठेवली.

"दर साली तुमी गढीवर सोनं द्यायला जाताच की न्हाई? तसंच जा. सोनं द्या, पाया पडा, आन् बंकट कुठं हाय म्हनून इचारा. मागायची गरजच न्हाई."

इतका सरळ उपाय होता. त्यात काही खोट नव्हती. पण माझ्या डोक्यात दुसरंच बसलेलं. गाडी चुकल्याच्या दुसऱ्याच दिवशी मी गढीची पायरी चढलो तर सगळा गाव समजणार, की गुरव सोन्याचं निमित्त करून झोळी घेऊन आला. देशमुख ओट्यावर बसून मिशीत हसणार. तीन पिढ्या ताठ ठेवलेली मान मी एका दिवसात वाकवणार. मी डहाळी उचलली आणि महादेवापुढं नेऊन ठेवली.

"द्येवाला दिलं सोनं," मी म्हणालो.

"द्येव जवारी धाडनार हाय का?" एवढंच म्हणून छबुबाई जात्याकडं गेली.

मंगळवारपासून भाकरी बंद केली. ज्वारी भरडून तिच्या कण्या शिजवायच्या, पाणी जास्त घालायचं. बुधवारी आणखी जास्त. ओसरीवर एक शहादेव म्हणून लंगडा माणूस होता, मानमोडीतून उठलेला, पोटापुरतं मागत गावोगाव फिरणारा. त्यानं आपण होऊन काठी उचलली आणि नेकनूरच्या गल्ल्यांतून झोळी फिरवून आला. निम्मी दारं बंद होती, उरलेल्यांच्या घरी आजारी. तरी त्याला दोन पसे ज्वारी आणि थोडी तुरीची चुणी मिळाली. ती कण्यांत घातली आणि सगळ्यांनी खाल्ली.

छबुबाई पळी हातात घेऊन मला म्हणाली, "तुमी मागत न्हाई. शहादेव मागतो. खाता मातर तुमी बी."

मी द्रोण तिच्यापुढं आपटला आणि उठून गेलो. मागं जाऊन आडाच्या काठावर बसलो. ती खरं बोलली होती, आणि खरं बोलणाऱ्या माणसाचा जेवढा राग येतो तेवढा कुणाचाच येत नाही. थोड्या वेळानं भूक लागली म्हणून परत आलो. तिनं माझा द्रोण झाकून ठेवलेला होता. मी तो खाल्ला. तिनं स्वतः काय खाल्लं हे मी विचारलं नाही.

गुरुवारी ओसरीवरच्या कोपऱ्यातल्या ताराबाईचा ताप उतरला. तिच्या अंगावर दोन महिन्यांचं पोर. ताप उतरला पण दूध आटलं. पोर रडायचं ते नुसतं ऊं ऊं करून, जोर लावून रडायलाही त्याच्यात बळ नव्हतं. रोगातून उठलेली माणसं होती ती. चाळिसांतली एकवीस उरली होती, आणि त्यांतल्या पंधराजणांना आता औषध नको होतं, हकीम नको होता, फक्त पोटाला हवं होतं. रोगानं सोडलेली माणसं माझ्या डोळ्यांपुढं भुकेनं जात होती. आणि दोन कोसांवर गढीत ज्वारीची पेवं भरलेली होती. हे मला माहीत होतं. रोज सकाळी उठलो की मी ठरवायचो की आज जायचं. मग कुणाला तरी उलटी व्हायची, कुणी तरी जायचं, पाणी संपलेलं असायचं, आणि मला मनातून बरं वाटायचं, की आता आज जाता येणार नाही.

शुक्रवारी छबुबाई जात्यावर बसल्या बसल्याच एका बाजूला कलंडली.

अंग हाताला भाजत होतं. मी आणि शहादेवनं तिला स्वयंपाकघराच्या दाराशी, तिच्या नेहमीच्या जागेवर आणून निजवलं. जोशांद्याची शेवटची पुडी उकळून पाजली. ती घोटभर प्यायली आणि भांडं बाजूला सारलं.

"ह्ये ताराबाईला द्या," ती म्हणाली.

"तिचा ताप गेलाय. तू पी."

"दादा, आता तरी जाता का?"

मी तिच्या अंगावरची गोधडी नीट केली.

"मी पाटोद्यापासून इथवर मागत आले," ती म्हणाली. एका दमात एवढं बोलवत नव्हतं, थांबून थांबून बोलत होती. "दारोदार. कुनी दिलं, कुनी कुत्रं सोडलं. पन मागितलं म्हनून तर जगले. मागितल्यानं काय बी झिजत न्हाई. तुमाला कंदी मागावं लागलं न्हाई म्हनून तुमाला त्येचं येवढं भ्याव वाटतं."

"उद्या जातो," मी म्हणालो.

"आन भाका."

"उद्या जातो म्हनलं ना!"

शनिवारी सकाळी तिचा श्वास घरघरायला लागला होता. अशा माणसाला सोडून कसं जायचं, असं मी शहादेवला म्हणालो. शहादेव म्हणाला, मी बसतो, तुमी जावा. मी म्हणालो, तुला काय कळतं. दुपारच्या आत ती गेली. ओठ निळे नव्हते झाले. रोगानं तिला फार वेळ घेतलाच नाही. तिच्यात आधीच काही उरलं नव्हतं.

तिला घेऊन जाताना शहादेव मागून लंगडत येत होता. तो म्हणाला, "मंगळवारपासून ती आपला वाटा परत भांड्यात वतत हुती. मी बघितलं. कुनाला सांगू नको म्हनली."

मी रडलो. मोठ्यानं रडलो. वाटेवर कुणी नव्हतं, असतं तरी रडलो असतो. अठरा वर्षं त्या बाईनं माझं डोकं खाल्लं आणि त्या वेळी मला वाटत होतं, तिनं एकदाच उठून बसावं आणि लोटा कुठं ठेवला म्हणून माझ्यावर ओरडावं.

रविवारी मी चुलीपुढं बसलो. कण्या खाली लागल्या आणि वरून कच्च्या राहिल्या. शहादेवनं आणलेली ज्वारी तेवढीच होती, ती मी वाया घालवली. लोकांनी मुकाट्यानं खाल्लं. त्या दिवशी दोघंजण गेली. संध्याकाळी मी ठरवलं, की आता हे माझ्यानं होणार नाही. धर्मशाळा बंद करायची. ज्याला चालता येतं त्यानं बीडची वाट धरावी, ज्याला येत नाही त्याचं देव बघेल.

सोमवारी सकाळी धर्मशाळेची किल्ली कमरेला खोचून मी गढीकडं निघालो. मागायला नव्हे. किल्ली द्यायला. वाटेनं मी बोलायची वाक्यं जुळवत होतो. ही घ्या तुमची किल्ली. तुम्हाला दार लावायचं होतं ना, लागलं. तुमच्या ज्वारीवाचून आमची छबुबाई गेली, आता पेवात लोळा. असं बरंच काही. एकापेक्षा एक तिखट. दोन कोस कधी सरले ते कळलं नाही.

गावाच्या वेशीवर बाभळीच्या काट्यांचं कूप लावलेलं होतं. बाहेरच्यांनी येऊ नये म्हणून. मला वाटलं, इथं राखणीला कुणी असेल, अडवेल, मी त्याच्याशी भांडेन. कुणी नव्हतं. काटे पायानं सारून मी आत गेलो. गल्लीत एक कुत्रं होतं, ते भुंकलंही नाही. एका घरातून कुणी कण्हत होतं. बाकी गाव गप्प.

गढीचा मोठा दरवाजा उघडाच होता. मी आत पाऊल टाकलं आणि अंगणात थांबलो.

अंगणात बंकटची गाडी उभी होती. जू जमिनीला टेकलेलं. गाडीवर ज्वारीची पोती भरलेली, नीट रचलेली, वरून दोर आवळलेला. एका पोत्याला खारींनी भोक पाडलं होतं आणि त्यातून गळालेल्या दाण्यांवर चिमण्या तुटून पडल्या होत्या. बैल सुटून कडब्याच्या गंजीशी उभे होते. गळालेले दाणे जमिनीवर ढिगानं पडले होते. ती गाडी आज भरलेली नव्हती.

मी जुळवलेली वाक्यं कुठं गेली कुणास ठाऊक.

"कोन हाय?" सोप्यातून आवाज आला. आवाज कसला, नुसती खरखर.

आप्पाराव सोप्यात घोंगडीवर पडलेले होते. दाढी वाढलेली, गाल बसलेले, ओठ फुटलेले. दाराशी मातीची घागर आडवी झालेली. मी धावत आडावरून पाणी आणलं आणि त्यांच्या तोंडाला लावलं. बराच वेळ ते प्यायले.

"आज कोनता वार?"

"सोमवार, आप्पासाहेब."

"म्हंजी आठवडा झाला." त्यांनी डोळे मिटले. "बंकट त्या सोमवारच्या आदल्या रात्रीच गेला. मंग मी आन् एका गड्यानं मिळून गाडी भरली. बैल जुपायला वाकलो आन् चक्कर आली. त्यो गडी बी त्याच दिशी तापला, घरी जाऊन पडला. विमल तिसऱ्या दिवशी गेली. शेजारच्या दोघांनी न्येली तिला. मंग त्ये बी आले न्हाईत."

विमलबाई म्हणजे त्यांची बायको. दर दसऱ्याला माझ्या हातावर साखर ठेवायची.

"मी पडल्या पडल्या वाट बघायलो," आप्पाराव म्हणाले. "म्हनलं, गाडी गेली न्हाई तर उत्तरेश्वर येईल. दसऱ्याला तर येईलच येईल. त्यो आला की गाडी बी जाईल आन् आमाला बी कोनी पानी द्यील. रोज वाट बघायलो. कावून आला न्हाईस?"

"नेम हाय ना आपला," मी म्हणालो. "आन् तुमचा निरोप आलता. मला वाटलं, तुमी रागावलात म्हनून गाडी बंद केली."

"रागावलोच हुतो की. लई रागावलो हुतो." ते धाप लागून थांबले. "पन सोमवार चुकविला का रे मी कंदी?"

मी त्यांच्या पायांशी बसलो. बाहेर चिमण्यांचा गोंधळ चालू होता. ओसरीवर एकवीस माणसं पाण्यासारख्या कण्या पीत होती तेव्हा ही ज्वारी इथं दोर आवळून तयार उभी होती. इथं उचलायला हात नव्हते आणि तिथं माझे हात रिकामे होते. मधे दोन कोसांची वाट होती आणि त्या वाटेवर काटे होते ते एवढेच, पायानं सारण्यासारखे.

आप्पारावांना एकट्याला तिथं टाकून येण्यात अर्थ नव्हता. मी बैल आणले, गाडी जुंपली. जन्मात गाडी हाकली नव्हती, पण बैलांना वाट ठाऊक होती. पोत्यांवर घोंगडी अंथरली आणि आप्पारावांना पाठीवर घेऊन वर निजवलं. देशमुखाचं अंग एवढं हलकं असेल असं मला कधी वाटलं नव्हतं.

धर्मशाळेच्या दारात गाडी थांबली तेव्हा शहादेव काठी टाकून पुढं आला. पोती बघितल्यावर तो तिथंच जमिनीवर बसला आणि तोंड झाकून हुंदके द्यायला लागला. ताराबाई पोर काखेत घेऊन भिंतीला धरत धरत आली आणि कुणी सांगायच्या आत जात्यापुढं बसली. तासाभरात चुलीवर मोठं भांडं चढलं. या खेपेला कण्या घट्ट होत्या.

ओसरीवर आता जागा पुष्कळ मोकळ्या होत्या, पण चुलीची ऊब पोचेल अशी मोकळी एकच, स्वयंपाकघराच्या दाराशी. मी आप्पारावांना तिथं निजवलं. एका बाजूला एक आंधळा म्हातारा, दुसऱ्या बाजूला परभणीकडचा एक फकीर. आप्पारावांनी मान वळवून दोघांकडं बघितलं. थोड्या वेळानं चुलीकडून वास यायला लागला तसे त्यांनी डोळे उघडले.

"छबुबाईला म्हनावं, माझ्यासाठी येगळं कायबी करू नको. समद्यांना जे हाय त्येच दे."

मी द्रोण पुसत होतो. तो खाली ठेवला.

"छबुबाई न्हाई, आप्पासाहेब. परवा गेली."

"मानमोडीनं?"

मला हो म्हणता आलं असतं. सगळ्यांनी तेच मानलं असतं.

"न्हाई," मी म्हणालो. "उपाशी हुती. ताप मंग आला."

आप्पाराव आढ्याकडं बघत राहिले. त्यांचे ओठ हलत होते. दिवस मोजत असावेत.

"परवा," ते म्हणाले. "गाडी त्येच्या आदी पाच दिस भरून उभी हुती. पाच दिसांत तू एकदा जरी..."

ते तिथंच थांबले. त्यांनी ते वाक्य पुरं करावं, असं मला फार वाटत होतं. त्यांनी मला शिव्या घालाव्या, वहाण फेकून मारावी, काहीही करावं. पण त्यांच्या अंगात तेवढं त्राण नव्हतं, की त्यांना ते करायचंच नव्हतं, हे मला आजवर कळलेलं नाही.

"पानी दे रे थोडं," ते म्हणाले.

मी उठलो आणि त्यांना पाणी दिलं.